कोल्हापूर गाडीच्या रस्त्यावरची तीन नावं

परवा स्वारगेट स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी लागायला अजून अर्धा तास होता. शेजारी एक कॉलेजचा मुलगा उभा. पाठीवर सॅक आणि सॅकच्या बंदाला पोहण्याचा गॉगल अडकवलेला. तो गॉगल बघून मला राहवलं नाही. विचारलं, "काय रे, पोहतोस का?"

"हो काका, रोज सकाळी. कॉलेजच्या टीममध्ये आहे."

"मग वीरधवल खाडे माहीत असेल."

त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "इतिहासातले का? सरदार वगैरे?"

हसू नका. मलाही आधी हसू आलं, पण ते लगेच विरलं. हा मुलगा रोज पहाटे उठून पाण्यात उतरतो. ज्या माणसानं आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक आणलं, जो याच महाराष्ट्रातला, ज्या कोल्हापूरची गाडी पकडायला मी उभा होतो तिथलाच, त्याचं नाव या मुलाला ठाऊक नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला ते नाव कुणी सांगितलंच नाही, त्याच्या तलावावर ते कुठे लिहिलेलं नाही. दोष द्यायचा तर तो तुम्हाआम्हाला.

आता दुसरी बाजू बघा. स्वारगेटला पंचेचाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, २९ फेब्रुवारी १९९६ला नेहरू स्टेडियमवर काय झालं? विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं! चहावाल्यापासून रिटायर्ड प्रोफेसरपर्यंत सगळे सांगतील, आणि त्यातले निम्मे छातीठोकपणे म्हणतील की "मी होतो ना स्टेडियममध्ये." केनियाचा संघ, वेस्ट इंडीजचा संघ, आपला काही संबंध नाही, तरी तीस वर्षं आपण ते सांगत आलोय. मी पण सांगतो. त्यात वाईट काही नाही. लक्षात ठेवायची ताकद आपल्यात आहे, एवढंच मला यातून म्हणायचंय. आपण ती कुणासाठी वापरतो, हा पुढचा प्रश्न.

आणि चेहऱ्यांची हौस तर विचारूच नका. जेधे चौकातून पायी जा. फ्लेक्सवर किती चेहरे मोजून बघा. वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे, "आमचे प्रेरणास्थान"चे. यातल्या बऱ्याच जणांचं त्या वर्षातलं कर्तृत्व एवढंच, की ते आणखी एक वर्षानं मोठे झाले.

तर मुद्दा असा. प्रसिद्धी आणि लोकप्रियता या गोष्टींकडे आपण खेळाडूला मिळणारं बक्षीस म्हणून बघतो. पदक आणलं, मग हार, मग फोटो, मग जीप. माझं म्हणणं वेगळं आहे. लोकप्रियता ही खेळाच्या शेवटी मिळणारी मिठाई नाही, ती खेळाची शिदोरी आहे. खेळाडूचं नाव घराघरात पोचलं की दुसऱ्या घरातला बाप आपल्या पोरीला तलावावर सोडायला तयार होतो. तलाव बंद पडला तर चार लोक ओरडतात. एखादी कंपनी पैसे घालते. प्रशिक्षकाला पगार मिळतो. नाव नसेल तर यातलं काहीच होत नाही, आणि पुढचा पोहणारा तयारच होत नाही.

कोल्हापूर गाडीच्याच रस्त्यानं जाऊन बघू.

पहिला थांबा धरा कऱ्हाड. शेजारी गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. ते पैलवान, पोहणारे नव्हेत, पण गोष्ट तिथूनच सुरू होते. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे लोकांनी उभे केले, आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. केवढा तो सोहळा! आणि मग? पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. एक दिवसाची मिरवणूक आणि त्यानंतर कित्येक वर्षांचा विसर. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये दुसरं वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, नेमबाज स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी. मध्ये बहात्तर वर्षं.

पुढचा थांबा पेठ नाका. इस्लामपूर, सांगलीकडे जाणारे इथे वळतात. या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. आडनावातच गाव आहे. लहानपणी सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये गेले, ईएमईत होते, चांगले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात. कमरेखालचं अंग गेलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं, आणि पाणी त्यांचं झालं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम.

भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण या माणसानं दिलं. त्यानंतर दुसरं सुवर्ण यायला २००४ उजाडलं, अथेन्समध्ये देवेंद्र झाझडियाचा भाला. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवलं तेव्हा आपण सगळे नाचलो, नाचायलाच हवं होतं. पण त्याच्या छत्तीस वर्षं आधी पेठच्या एका मराठी माणसानं पाण्यात सुवर्ण जिंकलं होतं, हे त्या दिवशी किती जणांना आठवलं? मला नव्हतं आठवलं. खोटं कशाला बोलू, मला माहीतच नव्हतं.

आणि पेटकर राहत कुठे होते? पुण्यात. टेल्कोत नोकरी करत होते. ज्या काळात आपण नेहरू स्टेडियममधली केनियाची गोष्ट एकमेकांना सांगत होतो, त्या सगळ्या काळात एक जगज्जेता आपल्याच शहरात कामावर जात-येत होता. कुणास ठाऊक, कधी सिग्नलला शेजारी उभाही राहिला असेल.

पद्मश्री मिळाली २०१८ साली. पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. मग जून २०२४मध्ये 'चंदू चॅम्पियन' आला. कबीर खानचा सिनेमा, कार्तिक आर्यन पेटकरांच्या भूमिकेत. मी बघायला गेलो होतो. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या बाई नवऱ्याला विचारत होत्या, "हे खरंच झालंय की वाढवून दाखवलंय?" नवरा म्हणाला, "थोडं वाढवतातच गं." मला मागे वळून सांगावंसं वाटलं, की बाई, त्या माणसाची खरी गोष्ट इतकी मोठी आहे की वाढवायची गरजच नाही. पण थिएटरात कोण कुणाला शिकवतं.

सिनेमानंतर सगळ्या वाहिन्या पेटकरांकडे गेल्या. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव. वय ऐंशी. मला त्या दिवशी आनंद झालाच, डोळेही भरून आले. पण सोबत लाजही वाटली. ज्या माणसानं सत्ताविसाव्या वर्षी विश्वविक्रम केला, त्याला ओळखायला आपल्याला एका देखण्या नटाचा चेहरा लागला. आजही पोरांना पेटकर म्हटलं की आधी कार्तिक आर्यनचे पिळदार दंड आठवतात. सिनेमाचा यात काही दोष नाही. उलट त्यानं आमची अब्रू वाचवली. प्रश्न एवढाच आहे, की सिनेमा आला नसता तर?

शेवटचा थांबा कोल्हापूर. वीरधवल खाडे.

इथे जरा थांबतो, कारण याची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली आहे. "तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता" असली सबब इथे चालणार नाही.

कोल्हापूरचा मुलगा. पुढे सरावासाठी बंगळूरला निहार अमीन यांच्याकडे गेला. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा वय सोळा. आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरं अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या बघत असतात. २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य. आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यात पदक मिळालं ते चोवीस वर्षांनी. आधीचं १९८६ साली सोलमध्ये खजान सिंगचं रौप्य. पुढच्या वर्षी वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी पेपरात फोटो आले, कोल्हापुरात कौतुक झालं, शासनानं तहसीलदाराची नोकरी दिली.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यातला मी नाही. नोकरी दिली, चांगली दिली. खेळाडूच्या घरात चूल पेटायला हवी, आणि पदक शिजवून खाता येत नाही. पण तहसीलदार म्हणजे काय काम असतं हे ज्यांनी सातबाऱ्यासाठी खेटे घातलेत त्यांना सांगायला नको. पंचनामे, निवडणूक, दुष्काळ, पूर, वाळू. त्यातून दिवसाला दोन वेळा पाण्यात कधी उतरायचं? वीरधवल काही वर्षं स्पर्धेपासून दूरच राहिला. आणि मुद्द्याची गोष्ट ही, की तो दूर गेलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एखादा क्रिकेटपटू दोन सामने बाहेर बसला तर चहाच्या टपरीवर निवड समितीची सभा भरते. देशाचा सगळ्यात वेगवान पोहणारा वर्षानुवर्षं पाण्याबाहेर होता आणि "अरे, तो खाडे दिसत नाही हल्ली" असं म्हणायला कुणी नव्हतं.

लोकप्रियता म्हणजे मला नेमकं हे म्हणायचंय. हार नको, फ्लेक्स नको. "दिसत नाही हल्ली" एवढं म्हणणारी हजार माणसं हवीत. ती असती तर वरिष्ठांवर, खात्यावर, मंत्र्यांवर आपोआप दबाव आला असता, की बाबा, नोकरी राहू दे पण याला पाण्यात सोडा.

तरी तो परत आला. २०१८, जाकार्ता आशियाई स्पर्धा, ५० मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद, स्वतःचाच नऊ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत २२.४७. कांस्य मिळालेल्या जपानी पोहणाऱ्याची वेळ २२.४६. एक शतांश सेकंद! त्या वेगाला एक शतांश सेकंदात माणूस साधारण दोन सेंटिमीटर पुढे जातो. तुमच्या बोटाचं एक पेर बघा. तेवढ्यानं पदक गेलं.

मधली वर्षं पाण्याबाहेर गेली नसती तर ते पेर भरून निघालं असतं का? कोण सांगणार. पण ते एक पेर मला अजून टोचतं, आणि तुम्हालाही टोचावं म्हणून हे लिहितोय.

२०२३ साली गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण कुणी घेतलं? ऋजुता खाडेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. नवरा-बायको दोघंही देशात एक नंबर, एकाच स्पर्धेत, एकाच प्रकारात. दुसऱ्या कुठल्याही खेळात ही जोडी साबणापासून फ्लॅटपर्यंत सगळ्या जाहिरातीत दिसली असती. आपल्याकडे बातमी आली, दोन दिवस फिरली, संपली.

आता कुणी म्हणेल, पोहणाऱ्यांचं असंच असतं, तो बघायचा खेळच नाही. यात थोडं तथ्य आहे. क्रिकेटमध्ये चेहरा दिवसभर दिसतो. पोहणारा टोपी घालतो, गॉगल लावतो आणि तोंड पाण्यात घालतो. बावीस सेकंदांत शर्यत संपते, तेवढ्यात आपला रिमोटही सापडत नाही. समुद्रातल्या पोहणाऱ्याचं तर आणखी अवघड. आपल्या पुण्याचा रोहन मोरे घ्या. जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या, इंग्लिश खाडीपासून न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीपर्यंत, त्यानं पोहून पार केल्या. 'ओशन्स सेव्हन' म्हणतात त्याला. २०१८ साली ते पूर्ण करणारा तो पहिला आशियाई ठरला. अख्ख्या आशियात पहिला, आणि पुण्याचा! पण थंडगार पाण्यात, लाटांत, सोबत एक बोट, टाळ्या वाजवायला कुणी नाही. अशा माणसाची कीर्ती आपोआप पसरत नाही. ती आपणच सांगत राहावी लागते.

दुसरं म्हणणं नेहमीचं: "सगळा पैसा आणि प्रेम क्रिकेट खातं, बाकीचे उपाशी." हे मी पण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण मग ब्राझील आठवला आणि गप्प बसलो.

ब्राझील म्हणजे फुटबॉल. आपल्याकडे क्रिकेटचं नाही एवढं वेड. तरी त्याच देशात पोहणाऱ्यांची नावं घराघरात आहेत. १९५२, तेच हेलसिंकी, जिथे आपल्या खाशाबांनी कांस्य घेतलं. तिथेच तेत्सुओ ओकामोतो नावाच्या, जपानी वंशाच्या ब्राझिलियन मुलानं १५०० मीटर पोहण्यात कांस्य घेतलं. ब्राझीलचं पोहण्यातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. दोन देश, दोन कांस्यं, एकच वर्ष. पुढचा हिशोब मात्र वेगळा. त्यांच्याकडे १९६०ला पुन्हा पदक, १९८०ला पुन्हा, १९८४ला पुन्हा. नव्वदच्या दशकात गुस्तावो बोर्जेस, त्याची चार ऑलिंपिक पदकं. मग साओ पावलोच्या पिन्हेरोस क्लबमध्ये एक पोरगा याच बोर्जेसबरोबर सराव करायला लागला. त्या पोराचं नाव सेझार सिएलो. बीजिंगला २००८ साली ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यानं ब्राझीलला पोहण्यातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि पदक गळ्यात पडल्यावर लहान मुलासारखा रडला. तिथेच १०० मीटर फ्रीस्टाइलमध्येही त्याला कांस्य मिळालं, आणि त्याच १०० मीटरमध्ये आपला सोळा वर्षांचा वीरधवलही उतरला होता. एकाच तलावात, त्याच दिवसांत.

सिएलोच्या मागे नावांची एक माळ होती. ज्याचं नाव ऐकत तो मोठा झाला, तोच माणूस शेजारच्या लेनमध्ये सराव करत होता. वीरधवलच्या मागे कोण होतं? खजान सिंग, तेही तो जन्मण्याच्या पाच वर्षं आधी. आणि पेटकर होते की! त्याच कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातले, सुवर्णपदकवाले. पण त्यांचं नाव त्या काळात कुणी घेत होतं का? माळ तुटलेली होती. मणी होते, दोरा नव्हता.

आणि प्रसिद्धीचे नुसते लाडच असतात असंही नाही. २०११ साली सिएलो उत्तेजक चाचणीत सापडला, जगभर गाजावाजा झाला, शेवटी लवादानं फक्त ताकीद देऊन सोडलं. त्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत पाण्यात उतरून त्यानं सुवर्ण घेतलं. देश बघत होता, जाबही विचारत होता. लोकांचं लक्ष असणं म्हणजे हे. कौतुकही होतं आणि हिशोबही मागितला जातो.

"आधी पदकं आणा, मग नाव करू," असं म्हणणारेही भेटतात. त्यांना माझा एकच प्रश्न. पेटकरांनी विश्वविक्रम केला होता, मग नाव का नाही झालं? वीरधवलनं चोवीस वर्षांचा दुष्काळ संपवला, मग त्या स्टँडवरच्या पोराला तो सरदार का वाटला? पदक आलं की नाव आपोआप होतं हा भ्रम आहे. आपल्याकडे नाव होतं ते दोन रस्त्यांनी. एक सिनेमा, दुसरा ओळखीचं आडनाव. वेदांत माधवन मुंबईचा चांगला पोहणारा आहे, परदेशात सुवर्ण जिंकलंय. पण त्याची प्रत्येक बातमी "अभिनेता माधवनच्या मुलानं" अशीच सुरू होते. त्या पोरावर पण हा अन्यायच आहे. पहाटे चारला उठतो तो, आणि मथळ्यात बाप.

आता घरची गोष्ट. माझी भाची पोहायची. आठवी-नववीपर्यंत जिल्ह्याला जायची, एकदोन पदकंही आणली. ज्या तलावावर ती जायची तिथे एप्रिल-मे म्हणजे जत्रा. शिकाऊ बॅचची एवढी गर्दी, की सराव करणाऱ्या पोरांना पहाटे एक लेन मिळाली तर नशीब. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तलाव ओस. मग एका वर्षी पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं, दोन महिने तलाव बंद. दुसरा तलाव शोधला, तर लांब. बालेवाडीला मोठा तलाव आहे, पण स्वारगेटच्या बाजूनं पहाटे पाचला बालेवाडीला रोज पोरीला कोण सोडणार? पहिली मेट्रोही तोवर सुटत नाही.

तरी हे सगळं निभावलं असतं. खरा घाव बसला तो घरातल्या बैठकीत. दहावीचं वर्ष, क्लास लावायचा होता. आजोबा म्हणाले, "पोहून पुढे काय?" आणि बैठकीत कुणालाच उत्तर देता आलं नाही. क्रिकेट असतं तर म्हणता आलं असतं, ऋतुराज गायकवाड बघा, आपल्या इथलाच. पोहण्यात "अमुक बघा" म्हणायला एकही नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. माझ्याही. पोरीनं गॉगल कपाटात ठेवला. आज ती हुशार आहे, नोकरी करते, छान चाललंय. पण कधी नदीवरून गाडी गेली की पाण्याकडे बघत गप्प होते.

"पुढे काय" या प्रश्नाला तोंडावर फेकायला एक नाव हवं असतं. माझी सगळी बडबड तेवढ्यासाठी आहे.

मग करायचं काय? मोठमोठ्या मागण्या करत नाही. अकादमी काढा, कोटी द्या, हे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी आपलं स्वारगेटपुरतं, पुण्यापुरतं बोलतो.

एक. पालिकेच्या प्रत्येक जलतरण तलावावर एक फलक लावा. उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते झालं त्याचा संगमरवर आहेच, त्याच्या शेजारी हा. त्यावर लिहा: मुरलीकांत पेटकर, ५० मीटर, ३७.३३ सेकंद, १९७२. वीरधवल खाडे, ५० मीटर, २२.४३ सेकंद, २०१८. खाली रोहन मोरेच्या सात समुद्रांची नावं. एवढंच. पोरं घड्याळ लावतील, स्वतःची वेळ त्या आकड्याशी ताडून बघतील. पंचेचाळीस सेकंदांवाल्याला कळेल की तो माणूस दोन्ही पाय निकामी असताना आपल्यापेक्षा आठ सेकंद पुढे होता. व्याख्यानापेक्षा तो आकडा जास्त बोलेल.

दोन. उन्हाळी बॅच संपते त्या दिवशी तलावावर एक संध्याकाळ शर्यती लावा. पालकांना कठड्यावर बसवा. जिल्हा, राज्य पातळीवरची पोरं त्यांच्यासमोर पोहू द्या. आपल्यापैकी किती जणांनी खरा वेगवान पोहणारा जवळून पाहिलाय? एकदा पाहिला की विसरत नाही माणूस.

तीन. गणेश मंडळांनो, हे तुमच्यासाठी. दरवर्षी देखाव्यासाठी विषय शोधता ना? पेटकर घ्या. युद्ध आहे, गोळी आहे, पाणी आहे, तिरंगा आहे, काय कमी आहे? आणि विसर्जनाला घाटावर जे जीवरक्षक रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, त्यांनाही त्या दिवशी स्टेजवर बोलवा. आपल्या शहरात लोकांच्या खऱ्या उपयोगी पडलेले पोहणारे तेच आहेत. दर उन्हाळ्यात कालव्यात, धरणात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहणं लोकप्रिय झालं तर पदकं येतील तेव्हा येतील, चार घरातलं रडणं तरी नक्की थांबेल.

चार. ज्यांना सरकारी नोकरी दिली, त्यांना खेळायला सुट्टी आणि सरावाजवळची नेमणूक हक्कानं मिळावी. यासाठी नियम असले तर ते पाळले जातात का हे विचारणारी माणसं हवीत. पुन्हा तेच, विचारायला आधी नाव माहीत हवं.

आणि पाच, बिनपैशाचं. आज रात्री जेवताना घरातल्या पोरांना ही तीन नावं सांगा. खाशाबा, पेटकर, खाडे. एकाच रस्त्यावरची आहेत. सुट्टीत कोल्हापूरला जाताना कऱ्हाड आलं, पेठ नाका आला की गाडीतून बोट दाखवा. आपण टोलनाका दाखवतो, ऊस दाखवतो, माणसंही दाखवू.

गाडी आली तेव्हा तो मुलगा माझ्याच मागे चढला. कऱ्हाडला उतरायचं होतं त्याला. बसल्यावर मी त्याला जाकार्ताची गोष्ट सांगितली. २२.४६ आणि २२.४७. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःचं बोट समोर धरून पेर बघत म्हणाला, "काका, माझी पन्नासची वेळ अठ्ठावीस आहे."

म्हटलं, "मग अजून साडेपाच सेकंद."

"लई झालं की," म्हणाला आणि हसला. कात्रजचा बोगदा येईपर्यंत मोबाइलवर वीरधवलच्या शर्यती शोधत होता.